ताटाआधी यादी: एका घराच्या खाण्यातले दहा महिने

ती माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला पहिल्यांदा आली तेव्हा हातात ना वजनाची नोंद होती, ना रक्ताचा रिपोर्ट. एक वही होती, आणि तिच्यात अकरा दिवसांचं भांडण लिहिलेलं.

एका रविवारी तिने घरातली कपाटं रिकामी केली होती. बिस्किटं, सॉस, झटपट नूडल्स, शीतपेयं, मैदा, साखर, सगळं कचऱ्याच्या पिशवीत. सोमवारपासून घरात फक्त ‘नैसर्गिक’ अन्न. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांचा मुलगा न जेवता झोपला. नवरा कामावरून येताना बाहेरच खाऊन यायला लागला. सासरे काही बोलले नाहीत, दूध पिऊन खोलीत गेले. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र हे सगळं फार पटलं, आणि ती भावाच्या हातातला खाऊ काढून घेऊन ‘हे विष आहे’ म्हणायला लागली. अकराव्या रात्री सगळे झोपल्यावर ही बाई खाली दुकानात गेली.

“मॅडम, मीच खाल्ला. स्वयंपाकघरात, उभ्याने. बिस्किटांचा अख्खा पुडा.”

ओळख पटू नये म्हणून पुढचे काही तपशील बदलले आहेत. प्रकरणात चमत्कार काही नाही. तरीही लिहून काढावंसं वाटलं, कारण या घरात खाण्याचे निर्णय ताटावर होत नव्हते. ते ताटाच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असायचे, आणि भांडण मात्र ताटावर व्हायचं. पुढचे दहा महिने आम्ही मुख्यतः हे भांडण तिथून उठवून दुसरीकडे नेण्यात घालवले.

घरात पाच माणसं. ती 41 वर्षांची, पूर्णवेळ नोकरी. नवरा 44 वर्षांचा, शिफ्टची नोकरी, घरी यायला कधी संध्याकाळचे सात तर कधी रात्रीचे अकरा. सासरे 73 वर्षांचे, हृदयाचे ठोके अनियमित, त्यासाठी औषधं चालू. नवऱ्याची साखर काठावर. मुलाचे दोन दात किडलेले, मुलीला तसा काहीच त्रास नाही. म्हणजे आग लागलेली नव्हती, आणि हे मी तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. घाई करायचं काही कारणच नव्हतं.

पहिला आठवडा: काहीही बदलायचं नाही

तिला हे अजिबात आवडलं नाही. उपाय विचारायला आलेल्या माणसाला ‘आधी आठवडाभर नुसतं बघा’ म्हटलं की आपली फी फुकट गेली असं वाटतं. पण मी कॅलरी मोजायला सांगितल्या नाहीत. चारच गोष्टी लिहायच्या: घरात काय आलं, कोणी आणलं, कोणी किती वाजता खाल्लं, आणि खाताना भूक किती होती.

वही परत आली तेव्हा चित्र वेगळंच निघालं. ज्या रात्रीच्या जेवणावरून एवढं रामायण झालं, ते मुळात बरंच होतं. भात, डाळ, एखादी भाजी, अधूनमधून अंडी किंवा मासे. पाकिटातलं जे काही पोटात जात होतं, त्यातलं बहुतेक दुपारी चार ते संध्याकाळी सात या वेळात. मुलं शाळेतून भुकेने कासावीस होऊन यायची. घरात तयार असं काय? ओट्यावरचा बिस्किटांचा डबा. आणि उशिराच्या शिफ्टच्या दिवशी नवरा परत येताना दुकानात शिरायचा. भुकेलेला माणूस दुकानात शिरला की काय विकत घेतो, हे निराळं सांगायला नको.

इथे ‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिच्या पहिल्या मोहिमेचा घोळ याच शब्दाने घातला होता. पाकिटावर हा शब्द दिसला म्हणून काही सिद्ध होत नाही, देशोदेशी त्याची एकच पक्की व्याख्या नाही. त्यापेक्षा मला ‘नोव्हा’ वर्गीकरण कामाचं वाटतं. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 च्या सुमाराला ते मांडलं. पदार्थावर प्रक्रिया किती आणि कशासाठी झाली, यावरून त्यात चार गट केले आहेत. गंमत म्हणजे गोठवलेल्या भाज्या, पाश्चराइझ केलेलं दूध, साधं दही हे सगळं पहिल्याच, म्हणजे कमीत कमी प्रक्रियेच्या गटात येतं. तेल, मीठ, साखर दुसऱ्या गटात. खरी चिंता चौथ्या गटाची: अतिप्रक्रिया केलेले, घरच्या स्वयंपाकघरात कधी न सापडणाऱ्या घटकांनी बनवलेले पदार्थ. तिने मैद्याबरोबर गोठवलेले मटारही फेकून दिले होते. ‘पाकिटातले होते ना,’ म्हणाली.

या चौथ्या गटाबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला एक नेटका प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. 20 प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणातली साखर, चरबी, मीठ, तंतू, कॅलरी शक्य तितक्या सारख्या, आणि खायचं मात्र हवं तेवढं. अतिप्रक्रियेच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी 0.9 किलोने वाढलं. हे मी तिला सांगितलं ते घाबरवायला नव्हे. रात्रीचा तो पुडा म्हणजे चारित्र्याचा दोष नाही, एवढं तिला कळावं म्हणून.

चार ते सात

पहिले सहा आठवडे आम्ही जेवणाला हातच लावला नाही. फक्त साडेचार वाजता ओट्यावर काहीतरी तयार असायला हवं: उकडलेली अंडी, कापलेली फळं, भाजलेले शेंगदाणे, दही. ही फळं ‘कापलेली’ असणं फार महत्त्वाचं. अख्खं फळ टोपलीत दिवसेंदिवस सुकत बसतं, तेच फोडी करून ठेवलं की अर्ध्या तासात ताटली रिकामी होते. बिस्किटांचा डबा फेकला नाही. तो वरच्या बंद कपाटात गेला. कुलूप नाही, बंदी नाही, मागितला तर द्यायचा.

बंदी का नाही, यावर ती माझ्याशी बराच वेळ वाद घालत होती. जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी 1999 साली लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की आवडीचा खाऊ समोर ठेवून त्याला हात लावू दिला नाही, तर मुलांचं सगळं लक्ष आणि सगळी बडबड त्याच खाऊभोवती फिरायला लागते. तिला मात्र हे पटलं ते स्वतःच्या त्या अकराव्या रात्रीवरून.

मग यादी. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे सगळ्यांची पोटं भरलेली असताना, आठवड्याची खरेदी पाचही जणांनी मिळून ठरवायची. प्रत्येकाला आपल्या मर्जीची एक वस्तू, त्यावर कोणी नाक मुरडायचं नाही. बाकी यादी आईची. यादीत नाही ते आठवड्याच्या मध्ये घरात येणार नाही, नवऱ्याच्या पिशवीतूनसुद्धा. पहिल्या यादीत मुलाने चिप्स लिहिले, नवऱ्यानेही चिप्स लिहिले, आणि सासऱ्यांनी ‘मला काही नको’ म्हणून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी हळूच बडीशेपेच्या गोळ्या सांगितल्या.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची जबाबदारीची एक वाटणी आमच्या व्यवसायात अनेकजण वापरतात: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. या घरात हे बरोबर उलटं चाललं होतं. काय आणायचं ते मुलं रडून ठरवायची, आणि किती खायचं ते आई घास मोजून.

साखर, मीठ आणि थोडी लबाडी

नवरा दिवसाला पाच कप चहा घ्यायचा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमचाभर साखर सुमारे 4 ग्रॅम, म्हणजे नुसत्या चहातून 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलेली मर्यादा वरून घातलेल्या साखरेसाठी एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली आहे, आणि 5 टक्क्यांखाली आणली तर आणखी बरं. 2,000 कॅलरींच्या आहारात याचे 50 आणि 25 ग्रॅम होतात. मध, गूळ आणि फळांचा रसही याच हिशोबात धरायचा. तिने साखरेऐवजी मध सुरू केला होता आणि तो दुप्पट पडत होता.

साखर दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी केली. नवऱ्याला सांगून. दीड चमच्यापर्यंत त्याला काही वाटलं नाही, एका चमच्यावर आल्यावर कुरकुर झाली, तिथे आम्ही महिनाभर थांबलो. थांबण्यात नामुष्की नसते. पाचव्या महिन्यात तो अर्ध्या चमच्यावर आला आणि एकदा कोणाच्या तरी घरी नेहमीचा गोड चहा त्याच्या घशाखाली उतरेना.

मिठाच्या बाबतीत तिने घरात कोणालाच सांगितलं नाही. प्रौढाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पुरे असतं. जीभ कमी मिठाला सरावते, पण तिला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. ती दर पंधरवड्याला चिमूटभर कमी करत गेली आणि वर लिंबू, लसूण, मिरपूड वाढवत गेली. खाणाऱ्याला न सांगता असं करावं का? माझं मत असं की मीठ कमी करणं चालतं, पण एखादा पदार्थ लपवून खाऊ घालणं चालत नाही. त्यातला फरक तिला लवकरच कळला. पालकाची पेस्ट करून तिने मुलाच्या आवडत्या सॉसमध्ये मिसळली, मुलाने दुसऱ्या घासाला ओळखलं, आणि मग तीन आठवडे तो सॉस, पांढरा असो की लाल, हुंगल्याशिवाय तोंडात घातला नाही.

पिठाचं गणित सोपं होतं. पांढऱ्या पिठात चौथा हिस्सा अख्ख्या धान्याचं पीठ, महिन्याभराने अर्धं. कोंडा आणि अंकुर असलेलं पीठ लवकर खवट होतं, म्हणून थोडं थोडं आणायचं. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, पाणीही वाढवावं लागतं. पहिल्या मोहिमेत सासरे दूध पिऊन झोपत होते त्यामागे रुसवा किती आणि पोटातला वायू किती, कोण जाणे.

माझी चूक

तिसऱ्या महिन्यात भाज्या वाढवायला घेतल्या. दिवसाला 400 ग्रॅम भाज्या-फळं, बटाटा आणि त्यासारखे कंद सोडून, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण मी सगळ्यांना सांगते. त्यांच्या घरापर्यंत आलेला सोपा मार्ग म्हणजे हिरव्या पालेभाज्या. सासऱ्यांना त्या आवडायच्या, आणि घरात आपल्या आवडीचं काहीतरी व्हायला लागलं म्हणून ते खूश होते. रोज दोन्ही वेळा खायला लागले.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. सासऱ्यांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, खाली आला होता. ते वॉरफरिन घेतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं हे औषध जीवनसत्त्व ‘के’च्या कामात आडवं येऊन आपलं काम करतं, आणि पालेभाज्यांत हे जीवनसत्त्व भरपूर असतं. ते अचानक वाढलं की औषधाचा जोर कमी पडतो. आयएनआर खाली म्हणजे गुठळीचा धोका वर.

औषधांची यादी मी विचारली होती. पण माझ्यासमोर बसली होती सून, आणि तिने तिची आणि नवऱ्याची सांगितली. सासऱ्यांचं ‘हृदयाचं औषध चालू आहे’ एवढ्यावर मी समाधान मानलं, नाव विचारलं नाही. एक माणूस भेटायला येतो आणि पाच माणसांचा आहार बदलतो, ही साधी गोष्ट मी तेवढ्यापुरती विसरले. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं, पुढच्या तपासण्या लवकर घेतल्या, काही अघटित झालं नाही. त्यांनी पालेभाज्या बंद करायला सांगितल्या नाहीत. खा, पण रोज साधारण तेवढ्याच खा, म्हणाले. आता पहिल्या भेटीत घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची नावं, शक्य तर गोळ्यांच्या पाकिटांसकट, मागवते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या ताटातली साखर आणि पिष्ट कमी करतानाही हाच धोका वेगळ्या रूपात असतो: औषध तेवढंच राहतं आणि रक्तातली साखर नको तेवढी उतरते.

मटार

लहान मुलं नव्या चवीला बिचकतात आणि साधारण दोन ते सहा या वयात हे जास्त असतं. एखादी भाजी पसंत पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती चाखावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळेला हात टेकतात. आणि आग्रहाने उलटंच होतं: ‘संपव’ म्हणत राहिलं की मुलं कमी खातात, हे 2006 सालच्या एका अभ्यासात सूप पाजताना दिसलं होतं.

आम्ही मटार निवडले. प्रत्येक वेळी दोन दाणे, ताटाच्या कडेला, काही न बोलता. आई दिनदर्शिकेवर खूण करायची. नवव्या खुणेपर्यंत दाणे ताटात जसेच्या तसे. मग आजोबा शेंगा सोलायला बसले आणि नातू शेजारी. सोलता सोलता पोराने कच्चे दाणे तोंडात टाकले, मूठभर. हे काही माझ्या योजनेत नव्हतं. शिजवलेले मटार त्याला आजही फारसे आवडत नाहीत. आजोबांनीच मला ऐकवलं, “डॉक्टरीणबाई, पोराला ताटात नको होतं, हातात हवं होतं.” मी डॉक्टर नाही हे त्यांना दोनदा सांगून झालंय.

मुलगी

हा भाग मला सगळ्यात नाजूक वाटला. मोहीम थांबली तरी मुलीचा उत्साह ओसरला नव्हता. पाकिटांवरचे घटक वाचायची सवय चांगली होती. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी तीन नावांनी विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं, हे तिने मी न सांगता शोधून काढलं होतं. पण चौथ्या महिन्यात आईने सांगितलं की ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला काही न खाता आली आणि दिवसातून दोनदा वजनकाट्यावर उभी राहते.

मी आईला आधी एक काम दिलं: घरात ‘विष’, ‘घाण’, ‘पाप’ हे शब्द अन्नाबद्दल वापरायचे नाहीत. कोणीच. वजनकाटा नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेतून घराबाहेर गेला. मुलीला एकटीला भेटले, वजनाचा विषयच काढला नाही, शाळेच्या खेळाबद्दल बोललो. दोन महिने लक्ष ठेवलं. जेवण टाळणं वाढलं असतं तर मी तिला माझ्याकडे ठेवलं नसतं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, आणि हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं. सुदैवाने ते थांबलं. आता ती केक खाते आणि केकच्या पाकिटावरचं वाचूनही दाखवते, जे भावाला अजिबात सहन होत नाही.

चिरायचं कोणी?

सातव्या महिन्यात सगळं ढासळलं. तिला ताप आला, आठ दिवस ती अंथरुणात, आणि घर पुन्हा पाकिटांवर आलं. ती रडवेली होऊन आली. मी वही उलटी करून तिच्यापुढे ठेवली: सहा महिन्यांत सोललं, चिरलं, भिजवलं, शिजवलं, या प्रत्येक ओळीपुढे एकच नाव. ताजं शिजवायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाचा तरी असतो. आरोग्यदायी आहाराच्या गप्पांत याचा हिशोब फार क्वचित मांडला जातो, आणि मीही तो सहा महिने मांडला नव्हता.

मग कामं वाटली. रविवारी नवरा आठवड्याची कडधान्यं भिजवून शिजवून गोठवतो. (लाल राजम्यासाठी एक ताकीद: बारा तास भिजवून, ते पाणी टाकून, नंतर निदान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. नुसता मंद आचेवर शिजला तर त्यातला विषारी घटक मरत नाही.) सोलणं-निवडणं आजोबा आणि नातवाकडे. साडेचारची ताटली मुलीकडे. आणि फेकलेले गोठवलेले मटार सन्मानाने परत आले, सोबत गोठवलेल्या बाकीच्या भाज्याही.

त्या आठ दिवसांबद्दल तिला मी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला अभ्यास सांगितला. 96 जणांनी प्रत्येकी एक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कोणाला 18 पुरले तर कोणाला 254 लागतील असा अंदाज. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आठ दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे हे खरं, पण तापातून उठल्यावर पहिल्याच शनिवारी यादी करायला सगळे आपणहून बसले होते.

दहाव्या महिन्यात

नवऱ्याची उपाशीपोटीची साखर काठावरून आत आली आहे, थोडीच. वजन जवळजवळ तेच. शीतपेयं रोजची होती ती आता यादीतली ‘मर्जीची वस्तू’ म्हणून कधीतरी येतात. मुलाच्या दातांत नवी कीड नाही. तो पाच भाज्या खातो, पूर्वी दोन खायचा. सासऱ्यांचा आयएनआर स्थिर आहे.

रात्री अकराला येणाऱ्या नवऱ्याचं खाणं अजून सुटलेलं नाही. झाकून ठेवलेलं जेवण गरम करायचा त्याला कंटाळा येतो आणि तो पाव आणि जॅम खाऊन झोपतो. तिचं म्हणणं, मी जागी राहून वाढीन. मी नको म्हटलं आहे. पुढच्या भेटीला त्यालाच बोलावलं आहे, एकट्याला, वही घेऊन.